दर सहावं चित्र

झुल्मीराबाईंनी काउंटरवर आधी चीज ठेवलं,
फडक्यात बांधलेलं, अजून ओलसर,
मग पर्सच्या तळातून नखाएवढा पेनड्राइव्ह.
म्हणाल्या, यात माझी नात आहे. बाहेर काढ.

नवा टीव्ही घ्या, असं मी सुचवणार होतो.
ते त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं.
डीव्हीडी प्लेअरच्या तिन्ही वायरी,
लाल, पांढरी, पिवळी,
अदेलिनूने स्वतः खोचलेल्या,
आणि तो ईस्टरच्या आधीच गेला.
त्या मी उपटणार नाही,
हे इतक्या हळू सांगितलं
की दुकानातला पंखा मोठ्यानं ऐकू आला.

फाइल फॉल रिव्हरहून आलेली.
तिकडे सेकंदाला तीस चित्रं,
आमच्या पिकू बेटावर पंचवीस.
समुद्र ओलांडायचा तर दर सेकंदाला पाच गाळायची.
गाळतो प्रोग्रॅम, मी नुसतं हो म्हणतो.
तरी रात्री वाटतं,
दर सहावं चित्र जातं कुठे?
अर्धी मिटलेली पापणी,
हवेतच असलेला पाण्याचा थेंब,
पाद्रीचा अंगठा कपाळाला टेकायच्या आत.
कस्टमवाल्यानं बॅगेतून काढून घेतलेल्या सॉसेजसारखं
कुणी खातं का ते, दार लावून?

पहिली डिस्क दुसऱ्याच दिवशी परत आली.
आवाज पुढे, ओठ मागे.
चाललं असतं, बाई म्हणाल्या,
लेक फोनवरही आधी हसते नि कारण मग सांगते.
पण बाळाचं रडणं तरी वेळेवर हवं.

दुसरीत मी चित्र पडदाभर ताणलं.
पाद्री भोपळ्यासारखा, लेक दाराएवढी.
अमेरिकेत खायला घालतात हे ऐकून होते,
बाई म्हणाल्या,
पण मेणबत्तीसुद्धा जाड झालीये.

तिसऱ्यांदा मी हट्ट सोडला.
चित्र उभं होतं, उभंच बसवलं,
दोन्ही बाजूंना काळं राहू दिलं.
आणि शेवटी डिस्क बंद करायला विसरलो नाही.
उघडी राहिलेली डिस्क
घरच्या जुन्या यंत्राला कोरीच दिसते.
हे कळायला मला या धंद्यात चार वर्षं लागली.

या वेळी त्यांच्याबरोबर घरीच गेलो.
प्लेअरवर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर चष्म्याची रिकामी डबी.
डिस्क आत गेली, यंत्र थोडं कण्हलं, विचारात पडलं,
मग फटीतून पाहावं तशी
नात दिसली. पाणी पडलं.
रडली. वेळेवर.

दोन्हीकडे काळं का रे?
कुणीतरी फोन उभा धरला होता, मी म्हटलं.
मग बाजूला कोण कोण होतं?

मला माहीत नव्हतं.
फाइललाही माहीत नव्हतं.
बाईंनी एकेकाला त्या काळ्यात उभं करायला घेतलं.
डावीकडे जावई, तो कधी मध्ये येत नाही.
उजवीकडे विहीणबाई, नवे बूट चावतायत.
आणि जरा मागे, भिंतीला टेकून,
टोपी हातात घेऊन...
इथे त्या थांबल्या. नाव घेतलं नाही.
रिमोट उलटा धरून पुन्हा सुरुवातीला गेल्या.

निघताना म्हणाल्या, असू दे ते काळं.
द्राक्षाच्या वेलीला तरी आपण
दोन्हीकडून काळा दगडच रचतो ना,
वारा लागू नये म्हणून.

बिघडलेल्या दोन डिस्क मी मागितल्या.
दिल्या नाहीत.
आठवड्यानं मदालेनाच्या बसमधून दिसल्या,
दगडी कुंपणाआड, वेलींवर, कोळ्याच्या दोऱ्यानं टांगलेल्या.
एकीत ओठ मागे राहिलेले,
एकीत मेणबत्ती जाड.
पाखरं जवळ येत नव्हती.
उन्हाला त्यातलं काही वाचता येत नाही,
ते नुसतं परत फिरतं,
थेट माझ्या डोळ्यात,
सेकंदाला किती वेळा, कोण जाणे.